बोट बदलेपर्यंतची पाच वर्षं

पत्राचा गोषवारा: हे वाचक मूळचे देवगडकडचे, वय ४७, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी १९७८ सालची ‘कॅटलिना २७’ ही शिडाची बोट साडेपाच हजार डॉलरना घेतली. ती अलमीडाच्या एका मरिनात असते. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन ‘अटॉमिक ४’ हल्ली दहा वेळा खोकून एकदा चालू होतं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा बदला, असं रिगिंगवाल्याने बजावलं आहे आणि पुढचं मोठं शीड, म्हणजे जेनोआ, फाटलं आहे. नवं डिझेल इंजिन (बसवण्यासकट १६ हजार), तारा (४ हजार), दोन नवी शिडं (साडेचार हजार), गाद्या आणि नकाशाचा स्क्रीन (अडीच हजार) असा एकूण २७ हजारांचा खर्च समोर आहे. गाठीशी १४ हजार आहेत आणि दरमहा ७०० बाजूला टाकता येतात. दुसरा विचार असा की या बोटीत आता एक पैसाही न घालता साठवत राहावं आणि ४५ हजारांच्या आसपास एखादी १९८८ ची ‘कॅटलिना ३४’ घ्यावी. पत्नी म्हणते, बोट मोठी असेल तर मीही येईन. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ चा. पुढेमागे समुद्रात उतरून माँटेरे आणि जमल्यास सॅन डिएगोपर्यंत जायचा बेत आहे. सध्या महिन्यातून एखादी फेरी होते. डॉकवरचे एक अनुभवी शेजारी म्हणतात, “या बोटीत टाकलेला प्रत्येक डॉलर पाण्यात गेला समजा.” वाचक विचारतात: हिलाच नीट करू, की दुसरीसाठी साठवू? सही आहे, ‘दोन डगरींवर हात’.

प्रिय ‘दोन डगरींवर हात’,

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत, पण तुम्ही ते एकमेकांशेजारी मांडून पाहिलेले दिसत नाहीत. एक, दरमहा ७०० डॉलर. दुसरा, मुलीचं वय.

४५ हजारांची बोट ४५ हजारांत पदरात पडत नाही. तुमच्या काउंटीत सेल्स टॅक्सच दहा टक्क्यांच्या वर आहे, आणि खाजगी माणसाकडून बोट घेतली तरी तो नोंदणीच्या वेळी भरावा लागतो. बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेयरची फी, बोट पाण्याबाहेर काढून बघण्याचा खर्च, विम्याचा पहिला हप्ता आणि पहिल्या महिन्यात हटकून निघणाऱ्या दोन-तीन दुरुस्त्या धरल्या तर ५३ हजार हाताशी हवेत. तुमच्याकडे १४ आहेत. उरलेले ३९ हजार ७०० च्या हिशोबाने जमवायला चार वर्षं आठ महिने लागतील. तोवर मुलगी अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असेल. कॉलेजचे अर्ज भरून झालेले असतील, कदाचित सामानही बांधून झालं असेल.

म्हणजे आज तुम्ही काहीही ठरवलंत तरी, कर्ज काढायचं नसेल तर, मुलगी घरात असतानाची सगळी वर्षं याच २७ फुटी बोटीत जाणार आहेत किंवा डॉकवर बसून जाणार आहेत. ‘एक पैसाही न घालता साठवायचं’ याचा खरा अर्थ हा. आजच्या अवस्थेतल्या बोटीवर मुलांना घेऊन तुम्ही बाहेर पडणार नाही, आणि पडूही नये. बोट न वापरता साठवलेली पाच वर्षं तुमच्या वहीत कुठेच खर्ची पडलेली दिसणार नाहीत, म्हणून तो मार्ग स्वस्त वाटतो. शिवाय मरिनाचं भाडं तेवढी पाचही वर्षं चालूच राहील.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं एका अर्थाने बरोबर आहे. घराला रंग दिला, स्वयंपाकघर नवं केलं, तर विकताना त्यातलं काहीतरी परत मिळतं. जुन्या बोटीत तसं होत नाही. तुमच्या बोटीत १६ हजारांचं डिझेल इंजिन बसवलंत तरी ती विकताना सात-आठ हजारांच्या फार पुढे जाणार नाही, कारण त्या बाजारात इंजिनासकट चालू अवस्थेतल्या ‘कॅटलिना २७’ तेवढ्यालाच मिळतात. सहा हजारांहून जास्त बोटी बनल्या या नमुन्याच्या. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत फायबरग्लासच्या बोटी भराभर निघाल्या. फायबरग्लास सडत नाही, मालक मात्र म्हातारे होतात. आज त्या सगळ्या एकदमच विकायला निघाल्यात. कॅलिफोर्नियात तर नको असलेली जुनी बोट मालकाने सरकारजमा करावी म्हणून खास योजना आहे, कारण नाहीतर लोक ती कुठल्यातरी खाडीत सोडून देतात.

पण यातून शेजारी जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. पैसा परत येणार नाही याचा अर्थ खर्चच करू नये असा होत नाही. परत मिळण्याच्या आशेने खर्च करू नये, एवढाच होतो. तारा बदलायला ४ हजार लागले आणि पाच उन्हाळे तुम्ही निर्धास्त फिरलात, तर वर्षाला आठशे पडले. ते तुम्हाला मान्य आहेत का, एवढाच प्रश्न. डिझेलच्या १६ हजारांचा भागाकार असाच करून बघा म्हणजे ते इंजिन या बोटीत का बसवू नये ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आता पत्रातल्या ज्या वाक्याशी मी सर्वांत जास्त थांबले त्याकडे येते. “पत्नी म्हणते, बोट मोठी असेल तर मीही येईन.” हे त्या कधी म्हणाल्या? माझा अंदाज आहे, जून-जुलैतल्या एखाद्या दुपारनंतर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उन्हाळ्याच्या दुपारी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, इतर वाचकांसाठी सांगते. आतला सेंट्रल व्हॅलीचा प्रदेश तापतो, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, जड हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसते. सकाळी नऊला कागदी होडी सोडावी असं पाणी असतं आणि तीन वाजता वीस-पंचवीस नॉटचा वारा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). गोल्डन गेटपासून अल्काट्राझला लागून बर्कलीपर्यंतच्या त्या पट्ट्याला तिथले लोक ‘स्लॉट’ म्हणतात. त्यात ओहोटी बाहेर निघालेली असली, म्हणजे पाणी वाऱ्याच्या विरुद्ध जात असलं, की आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा वेळी फाटक्या जेनोआसकट सगळी शिडं चढवून निघालेली २७ फुटी बोट एका अंगावर लोळते. सुकाणूवर असलेल्या माणसाला त्यात गंमत वाटते. खाली मुलाचं डोकं धरून बसलेल्या माणसाला वाटत नाही.

३४ फुटी बोट कमी लोळेल, हे खरंच. ती जवळजवळ पावणेदोन पट जड आहे, तुमची ३,१०० किलोची, ती ५,४०० किलोची. पण तीच दुपार, तोच पट्टा आणि तेवढंच शीड ठेवलं तर तीही कलेल. वहिनींना नेमकं कशाचं भय वाटतं ते विचारा. कलण्याचं, थंडीचं, मुलांच्या पडण्याचं, की तुम्ही त्या वेळी ज्या आवाजात हुकूम सोडता त्याचं? (शेवटचं कारण मी खूप बोटींवर पाहिलंय. त्यावर लांबीचा इलाज नाही.) उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या, तुम्ही पर्याय सुचवू नका. पाच वर्षांची बचत एका ऐकीव वाक्यावर बेतण्याआधी एवढं करायला हरकत नाही.

आणि त्यानंतर एकदा तरी त्यांच्या सोयीने निघा. सकाळी आठला डॉक सोडायचा, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून. वारा दहा नॉटचा असेल तेव्हा एंजल आयलंडच्या अयाला कोव्हमध्ये पोचायचं, बोयाला बांधायचं, डबे उघडायचे. मुलांना बेटावर हिंडू द्यायचं. परतताना मुख्य शीड निघण्याआधीच रीफ करून, म्हणजे त्याचा पसारा आवळून, ठेवायचं. वारा वाढल्यावर आवळू म्हणणारे नेहमी उशीर करतात. किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. तुमच्याकडे खरा उन्हाळा तेव्हाच असतो आणि वाराही नरमतो.

याच कारणासाठी फाटलेल्या जेनोआच्या जागी तसंच दुसरं मोठं शीड शिवून घेऊ नका. तुमच्या खाडीत उन्हाळाभर लहान जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, पुरतं, डोलकाठीपर्यंतच येणारं, फार तर तिच्या थोडं मागे जाणारं. ते स्वस्त आहे, मुलांना ओढता येतं, आणि बोट सरळ राहते. एवढ्या बोटी एकाच नमुन्याच्या असल्याचा फायदा असा की वापरलेली, धड अवस्थेतली शिडं मापात मिळतात. मुख्य शीड तुम्ही लिहिता त्यावरून मळकं असलं तरी शाबूत आहे. शीड शिवणाऱ्याकडून शिवणी तपासून घ्या आणि रीफची दुसरी ओळ नसेल तर घालून घ्या. साडेचार हजारांऐवजी दीड हजारात हे सगळं व्हावं.

तारांबद्दल मात्र घासाघीस नाही. त्या बदलायच्याच. स्टेनलेस स्टीलची तार बाहेरून चकचकीत दिसते आणि टोकाला जिथे ती धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे आतल्या आत खंगते. खाऱ्या पाण्यात दहा-पंधरा वर्षं झाली की बदलावी असा सर्वसाधारण संकेत आहे आणि तुमच्या तारांचं वय तर कुणालाच माहीत नाही. एक तार तुटली की डोलकाठी खाली येते, आणि ती कुणाच्या अंगावर येईल ते सांगून येत नाही. डोलकाठी उतरवलीच आहे तर आणखी एक बघून घ्या. तुमच्या बोटीची डोलकाठी डेकवर उभी असते, तळापर्यंत जात नाही. तिचा भार खाली केबिनमधल्या एका खांबावर येतो. त्या खांबाच्या वरचा आणि खालचा लाकडी भाग कुजला तर डेक बसायला लागतं. केबिनचं दार अचानक अडकायला लागलं असेल तर तो सुतारकामाचा प्रश्न समजू नका.

मग बोटीच्या तळाला पाडलेली भोकं, म्हणजे सिंक, टॉयलेट, इंजिनाचं थंड पाणी यांच्या वाटा. त्या काळच्या कित्येक बोटींत तिथे घरातल्या नळासारखे, फिरवून फिरवून बंद करायचे गेट व्हॉल्व्ह असत. पितळेचे असले की खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि एक दिवस दांडा हातात येतो. त्यांच्या जागी पाव वळणात बंद होणारे समुद्री व्हॉल्व्ह आणि नवे पाइप बसवा. हजारभर डॉलरचं काम आहे, कुणाला दाखवता येण्यासारखं नाही, पण डॉकला बांधलेल्या बोटी बुडतात त्या बहुधा अशाच कारणांनी.

हे काम करायला बोट बाहेर काढाल तेव्हा कीलचा, म्हणजे तळाखालच्या जड पात्याचा, सांधा बघा. कील जिथे तळाला मिळतो तिथे पुढच्या बाजूला एक वाकडी भेग दिसते. या बोटींत ती इतकी नेहमीची की तिला ‘कॅटलिना स्माइल’ असं नावच पडलंय. नुसती भेग दिसली म्हणून घाबरू नका. आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सर्वांत खालच्या पोकळीत, कीलचे बोल्ट बघा. काही जुन्या बोटींत ते साध्या लोखंडाचे होते आणि ते गंजतात. बोल्टांभोवतीचं लाकूड ओलं, मऊ लागलं, भेगेतून पाणी झिरपताना दिसलं, तर मात्र पुढचं सगळं थांबवा आणि सर्व्हेयरला बोलवा. ती दुरुस्ती या बोटीच्या किमतीपेक्षा मोठी निघू शकते. या तपासणीत बोट नापास झाली तर माझा सल्ला उलटा आहे. तारांवरही पैसे घालू नका, तिला निरोप द्या, आणि ४५ हजारांच्या मागे न लागता अशीच दुसरी, चांगल्या निगेतली २७ किंवा ३० फुटी बोट बघा. क्रम म्हणून महत्त्वाचा: आधी तळ बघायचा, मग तारांची ऑर्डर द्यायची.

इंजिन. ‘अटॉमिक ४’ हे तसं भलं इंजिन आहे. हजारो बोटींत बसलं, ते बनणं बंद होऊन चाळीस वर्षं झाली, तरी सुटे भाग अजून मिळतात. चालू होत नाही म्हणजे संपलं असं नाही. खोकणाऱ्या पेट्रोल इंजिनात बहुतेक वेळा दोष कार्ब्युरेटरमध्ये, जुन्या टाकीतल्या गाळात किंवा स्पार्कच्या भागात असतो. पण पाना हातात घेण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या आणि ऑइलची कांडी बघा. कॉम्प्रेशन सारखं असेल आणि ऑइल दुधाळ नसेल तर अडीच हजारांपर्यंत खर्च करायला हरकत नाही. त्या आकड्याच्या पुढे एक डॉलर नाही, आणि तो आकडा आजच वहीत लिहा. इंजिन उघडून पडलं की माणूस “आता एवढं केलंच आहे तर” म्हणायला लागतो, आणि तिथून पुढे हिशोब कुणी ठेवत नाही.

कॉम्प्रेशन गेलेलं असेल तर मागे ब्रॅकेटवर बाहेरची मोटर लावता येते. या नमुन्याच्या बऱ्याच बोटी मुळात तशाच विकल्या गेल्या. स्लॉटमधल्या उभ्या लाटांत तिचा पंखा अधूनमधून पाण्याबाहेर येऊन किंचाळेल, म्हणून जास्तीत जास्त लांब दांड्याची घ्या. इलेक्ट्रिक मोटरची चौकशी तुम्ही केली आहे असं लिहिलंय. एस्चुअरीतून, म्हणजे अलमीडाच्या चिंचोळ्या खाडीतून, बाहेर पडून शिडं चढवायची एवढंच करायचं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण जोराच्या ओहोटीत गोल्डन गेटखाली चार नॉटच्या वर प्रवाह असतो. वारा पडला आणि बॅटरी संपत आली तर पाणी तुम्हाला जिकडे नेईल तिकडे जावं लागेल.

आणि पेट्रोल आहे तोवर ब्लोअरची, म्हणजे इंजिनाजवळची वाफ बाहेर फेकणाऱ्या पंख्याची, शिस्त घरातल्या प्रत्येकाला शिकवा, नऊ वर्षांच्या मुलालासुद्धा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. किल्ली फिरवण्याआधी ब्लोअर निदान चार मिनिटं चालला पाहिजे आणि नंतर नाकाने बिल्ज हुंगून बघायचा. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

गाद्या आणि स्क्रीन राहू द्या. फोनवर खाडीचा नकाशा चालतो. त्याऐवजी जे पुढच्या बोटीवर तुमच्यासोबत येईल ते घ्या: मुलांच्या मापाची चांगली लाइफ जॅकेटं, हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ, कमरेला अडकवायचे दोर, हत्यारं. टिलरला, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला, लावायचा ऑटोपायलट मोहात पाडेल, पण ३४ फुटीला चाक असतं, तिथे तो निरुपयोगी.

एकूण नऊ हजारांच्या आसपास. मोठी बोट त्यामुळे साधारण तेरा महिने लांबते. ही किंमत मी लपवत नाही. पण बदल्यात पाच उन्हाळे मिळतात आणि उरलेल्या पाच हजारांवर तुमची बचत चालू राहते.

तुमचा माँटेरेचा बेत मी विसरलेले नाही. पॅट्रिक चाइल्ड्रेस नावाच्या अमेरिकन माणसाने ‘कॅटलिना २७’ मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. डॉकवर कुणीतरी तुम्हाला हे ऐकवेलच. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर १९८८ च्या आधीच्या आराखड्यांच्याच बोटी चालतात, आणि २०२२ मध्ये निघालेल्या त्या शर्यतीत आपला अभिलाष टॉमी अशाच जुन्या धाटणीच्या ३६ फुटी ‘रस्लर’ मधून दुसरा आला. जुनी बोट लांब जाऊ शकत नाही ही समजूत खोटी आहे, हे त्यावरून सिद्ध होतं. तुम्ही मुलांना घेऊन जावं, हे होत नाही. तुमच्या किनाऱ्याला वारा वायव्येकडून असतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना संपूर्ण वाट तोंडावर. वेगाचं म्हणाल तर पाण्यातल्या लांबीच्या हिशोबाने तुमची बोट सव्वासहा नॉटपर्यंत जाते, ३४ फुटी सव्वासातपर्यंत. गोल्डन गेटपासून हाफ मून बे साधारण वीस-बावीस सागरी मैल. तेवढ्यासाठी फरक अर्ध्या तासाचा. सप्टेंबरमध्ये, दोन-तीन दिवस हवामान बघून, दोघं मोठ्यांनी या बोटीने एकदा हाफ मून बे करून या. मग माँटेरेचं बोलू.

दरम्यान मोठी बोट भाड्याने घ्या. तुमच्या खाडीत असे क्लब आहेत जिथे एएसए या शिडाची बोट शिकवणाऱ्या अमेरिकन संस्थेचे १०१ आणि १०३ हे कोर्स केले की ३४-३५ फुटी बोट दिवसाला काही शे डॉलरना मिळते. वर्षातून दोनदा घ्या. एकदा मुद्दाम जुलैच्या दुपारी, आणि चाक वहिनींच्या हातात द्या. शिवाय अरुंद स्लिपमध्ये, म्हणजे डॉकवरच्या बोट लावायच्या जागेत, तिला आडव्या वाऱ्यात बांधून बघा, तिचं मुख्य शीड दोघांनी उतरवून बघा. लांबी पाव पटीने वाढते, पण शीड, विंच, नांगर, दोर हे सगळं वजनाच्या मागे जातं आणि खर्चही त्याच वाटेने जातो. तुम्ही फुटाला महिना १३ डॉलर भरता. मोठ्या बोटीला ३६ फुटी स्लिप लागली तर नुसत्या जागेचेच वर्षाला चौदाशे जास्त. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल देखभालीला धरा असं लोक सांगतात. जुन्या बोटीला हा नियम लावू नका. किंमत उतरते, शीड शिवणाऱ्याचा दर उतरत नाही. आणि ती १९८८ ची बोट काही नवी नव्हे. तिच्याही तारांचं वय विचारावं लागेल, तिचंही डेक छोट्या हातोडीने ठोकून, कुठे बद्द आवाज येतो ते ऐकावं लागेल.

बुधवार-शुक्रवारच्या संध्याकाळच्या शर्यतींत दुसऱ्यांच्या बोटींना हात हवे असतात. मुलीला सोबत घेऊन जा. फुकटात दहा तऱ्हेच्या बोटी कळतील, आणि कदाचित तुम्हाला ३४ नको, ३० पुरे, असंही कळेल. मुलं पांगल्यावर तुम्ही दोघंच असणार, हे लक्षात ठेवून त्या वेळी लांबी ठरवा.

वेळ येईल तेव्हा दोन बोटी एकाच वेळी पदरी ठेवू नका. दोन स्लिपची भाडी भरणाऱ्यांची पहिली बोट सहसा तिसऱ्या हिवाळ्यात फुकटात द्यावी लागते. तुमची बोट विकली जाईल ती इंजिन एका किल्लीत चालू होतं म्हणून आणि तारांची पावती फायलीत आहे म्हणून. त्या पावत्या आतापासून जपा.

मुंबई-गोव्याच्या वाचकांसाठी एक वेगळा शब्द, कारण ही आकडेमोड तिकडे जशीच्या तशी लागू नाही. मुंबई बंदरात बोट बोयाला बांधलेली असते, पावसाळ्यात ती काढून ठेवावी लागते, म्हणजे तळ दरवर्षी आपोआप नजरेखाली येतो. ही मोठी सोय आहे. उलट जुन्या शिडाच्या बोटींचा बाजार इतका लहान की ‘ही विकू आणि दुसरी घेऊ’ म्हणणाऱ्याला दुसरी मिळेलच असं नाही, आणि बाहेरून आणायची तर आयात शुल्क आहे. त्यामुळे तळ आणि डेक धड असेल तर हातातली बोट सुधारण्याकडे तिकडे माझा कल जास्त असेल, आणि त्यात इंजिनाचाही समावेश होईल.

तुम्हाला आणखी एक सांगायचं राहिलं. तुमच्या विम्याची पॉलिसी काढून तिचं नूतनीकरण कधी आहे ते बघा. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या बोटीला कंपन्या अचानक नवा सर्व्हे मागतात आणि मरिना विम्याशिवाय ठेवून घेत नाही. बोट बाहेर काढायची तारीख त्याच महिन्यात घ्या, म्हणजे सर्व्हेयर, तळाचा रंग, व्हॉल्व्ह आणि कीलची तपासणी एकाच खेपेत होईल आणि क्रेनचे पैसे एकदाच भरावे लागतील. यार्डांत वसंतात गर्दी असते. तारीख जानेवारीतच बोलून ठेवा.